तेविसाव्या ओळीतली मुलगी

४ जानेवारी

ताई,

सहा वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही. एक गुडघा कुरकुरतो, बाकी मी ठणठणीत आहे. हे निव्वळ कामाचं पत्र आहे. वाचून केराच्या टोपलीत टाकलंस तरी मला कळणार नाही, पण आधी वाच.

शाळेत नव्या मोठ्या सिस्टर आल्यात. मोठ्या पदाने, वयाने माझ्यापेक्षा चांगल्या बारा वर्षांनी लहान. जुन्या मदर आता वृद्ध सिस्टरांच्या आश्रमात असतात. या नव्या सिस्टर पहिल्याच दिवशी हॉलमधल्या निकालाच्या फलकासमोर जाऊन उभ्या राहिल्या. तुला आठवत असेल, सोनेरी अक्षरं, दर वर्षापुढे शंभर टक्के. तू गेल्यावर त्यावर आणखी सहा ओळी चढल्या. मी मोठ्या तोऱ्यात शेजारी उभी होते. परीक्षा विभाग माझा, म्हणजे फलकही माझाच की.

त्या म्हणाल्या, "शंभर टक्के कुणाचे?"

मी म्हटलं, "दहावीचे."

"दहावीला बसलेल्यांचे. आठवीत आलेल्यांचे किती?"

मी उद्या सांगते म्हणाले. त्याला आज तीन आठवडे झाले. मी गणिताची बाई, आणि मला साधी वजाबाकी सांगता येत नव्हती!

त्यांना मुलींचं पुढे काय होतं ते पाहायचंय. त्याशिवाय निकाल सुधारला म्हणता येत नाही, असं त्यांचं मत. त्यासाठी त्यांनी नेमकी सहा वर्षांपूर्वीची दहावी निवडली. म्हणे त्या मुली आता बावीसच्या असतील, काय झालं ते कळायला एवढं वय पुरे. मी म्हटलं, त्या वर्षाच्या वहीला वाळवी लागली. तर पलीकडून आपले कारकून म्हणतात, "नाही हो बाई, आहे की, ही काय!" असा राग आला म्हणून सांगू.

तर आठवीत आलेल्या एकशे चार. दहावीला शाळेतून बसलेल्या एक्क्याऐंशी, सगळ्या पास. उरलेल्या तेवीस जणींचा तक्ता मला करायचा आहे. नाव, शाळेतून का गेली, पुढे काय झालं, आता काय करते, असे चार रकाने. पत्ते कुणाकडेच नाहीत. शिवणाच्या तासाला कापड न आणणाऱ्या मुलीच्या घरी तू स्वतः जाऊन थडकायचीस, आणि त्यासाठी सगळ्यांचे पत्ते निळ्या वहीत लिहून ठेवायचीस. ती वही अजून असेल तर पाठवशील का?

गोटी कशी आहे, हे विचारायचं नाही असं ठरवून बसले होते. विचारलं.

धाकटी


१२ जानेवारी

ताई,

वही मिळाली. तुझं कार्डही मिळालं. एकच ओळ, पण तुझं अक्षर. "गोटीचं नाव तुझ्या तक्त्यात घालू नकोस."

अगं, मी कुठे घातलं? ते त्यात आहेच. तेवीस नावं अनुक्रमाने लिहिली तर शेवटचं तिचंच येतं. तुझी मुलगी आणि माझी भाची म्हणून ती ओळ गाळली, तर बावीस होतात आणि बेरीज एकशे चारला जुळत नाही. तू म्हणशील, हिला अजून बेरजेचीच पडलीय. काय करू, मला तेवढंच येतं.

सिस्टरांना पिवळ्या यादीबद्दल सांगावं लागलं. तुला ते सगळं पाठ आहे, पण मी ते आजवर मोठ्याने कुणाला सांगितलंच नव्हतं. मी सांगत गेले आणि त्या ऐकत गेल्या. जानेवारीत सराव परीक्षा होते. कुठल्याही विषयात पस्तिसाच्या खाली राहिलेल्या मुलींची नावं पिवळ्या कागदावर येतात. परीक्षा विभाग सही करतो. मग आईवडिलांना सिस्टरांच्या पार्लरमध्ये, त्या पाहुण्यांच्या खोलीत, बोलावून चहा द्यायचा आणि सांगायचं, मुलगी अभ्यासात कच्ची आहे, तिने शाळेतर्फे न बसता बाहेरून फॉर्म भरावा, तिच्याच भल्याचं आहे.

"आणि भलं होतं का?" सिस्टरांनी विचारलं.

मी म्हटलं, "निकाल शंभर टक्के लागतो."

त्या हसल्या नाहीत. चिडल्याही नाहीत. चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, निदान भांडता आलं असतं.

तुझी वही घेऊन रोज शाळा सुटल्यावर घरं पालथी घालते आहे. गुडघ्याचे हाल विचारू नकोस. अकरा जणी सापडल्या, आणि जितक्या सापडतात तितका माझा गोंधळ वाढतो. एक बाहेरून बसली आणि तिला आपल्या त्या वर्षीच्या पहिल्या नंबरापेक्षा दोन टक्के जास्त पडले. आपल्याला पत्ताच नाही. एकीने शाळाच सोडली, ती आज स्वतःचं ब्युटी पार्लर चालवते, हाताखाली चार बायका आहेत. तिने मला खुर्चीत बसवून केस विंचरून दिले आणि म्हणाली, "टीचर, तुम्ही मला काढलंत ते बरंच झालं." खरं बोलत होती की टोमणा मारत होती, मला आरशातसुद्धा कळेना. एकीच्या आईने दार उघडलं, मला ओळखलं आणि शांतपणे लावून घेतलं. तिच्यापुढे "आता काय करते" या रकान्यात काय लिहू? दार लावते?

शाळेत सध्या एक शिकाऊ शिक्षिका आहे. आठवीला गणित शिकवते. कोण असेल सांग? काडी! आपल्या गोटीची मैत्रीण काडी. अजून तशीच बारीक, बांगडी कोपरापर्यंत जाईल अशी. मुलींचा जीव आहे तिच्यावर. माझ्याशी मात्र नजर चुकवून बोलते. मला वाटतं, गोटीमुळे असेल.

धाकटी


१८ जानेवारी

ताई,

बावीस सापडल्या.

आज सिस्टरांनी तक्ता पाहिला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "ही?"

मी म्हटलं, "पत्ता लागत नाही."

तुझं कार्ड माझ्या पर्समध्ये होतं, मागे तुझा पत्ता छापल्यासारखा. सिस्टरांच्या पार्लरच्या खिडकीतून चॅपल दिसतं, म्हणून मी खुर्ची फिरवून बसले. पन्नाशीच्या बाईने करायचं काम आहे का हे?

आता विषय निघालाच आहे तर मी एकदा माझी बाजू सांगते. त्या दिवशी स्टाफरूममध्ये तू मला सांगू दिली नाहीस. गोटीला सराव परीक्षेत गणितात एकोणतीस मिळाले. पस्तिसाला सहा कमी. मला सहापर्यंत ग्रेस द्यायची मुभा होती आणि मी ती चार मुलींना दिली होती, हे तुला कारकुनांनी सांगितलं आणि ते खरं आहे. गोटीला दिली नाही, कारण ती माझी भाची. दिली असती तर अख्खी स्टाफरूम म्हणाली असती, बघा, घरच्या मुलीला कशी तारली. तू शिवण शिकवायचीस, तुझ्या टाक्याकडे कुणी संशयाने पाहत नव्हतं. मी परीक्षा घ्यायचे. माझ्याकडे सगळे पाहायचे. मी तिचं नाव लिहिलं तेव्हा माझा हात थरथरला नाही, याचा मला अभिमान वाटला होता. हे तुला आज पहिल्यांदा सांगतेय.

तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "माझ्या मुलीचं नाव यादीत घातलंस ते घातलंस, वर अक्षर किती सुंदर काढलंस गं!" ते मी विसरलेले नाही.

मग तू फेरतपासणी मागितलीस. मी सांगितलं की उत्तरपत्रिकांचा गठ्ठा रद्दीत गेला. नियमाप्रमाणे गेला. त्याला मी काय करणार होते?

यंदाची पिवळी यादी तयार आहे. एकोणीस मुली. एकतीस तारखेपर्यंत सही व्हायला हवी. सिस्टर म्हणतात, "मी सांगणार नाही. तुमचा तक्ता पूर्ण करा आणि मग सही करायची का ते तुम्हीच ठरवा." आता तक्ता पूर्ण होणार कसा, हे मला कळत नाही.

धाकटी


२२ जानेवारी

ताई,

गठ्ठा रद्दीत गेला नव्हता.

वाक्य लिहून दहा मिनिटं झाली. पेनाला टोपण लावलं, काढलं. परत लिहिते म्हणजे खोडता येणार नाही. गठ्ठा रद्दीत गेला नव्हता. माझ्या कपाटात, सर्वात खालच्या कप्प्यात, जुन्या नकाशांच्या मागे होता. तू फेरतपासणी मागितलीस तेव्हाही तिथेच होता, तुझ्यापासून चार हातांवर. मी खोटं बोलले. तो उघडायची मला भीती वाटली. उगीच चूक निघाली असती तर? मी एवढ्या ताठ मानेने यादीवर सही केली होती. आणि टाकायचीही भीती वाटली. म्हणून सहा वर्षं तसाच ठेवला.

आज उघडला. सिस्टरांनी सांगितलं म्हणून नाही. त्या दार लावणाऱ्या बाईचा चेहरा डोळ्यांपुढून जात नव्हता म्हणून.

गोटीची उत्तरपत्रिका पाहिली. शेवटच्या पानापर्यंत भरलेली. चार प्रश्न सोडवलेले, पाचवा आणि सहावा नाहीच. ते दोन्ही भूमितीचे. ताई, भूमिती म्हणजे गोटीचा खाऊ! तिने भूमितीचे दोन प्रश्न सोडले, हे मी तपासताना मला खटकायला नको होतं? मला वाटलं, पोरीला वेळ पुरला नसेल. खरं सांगायचं तर काहीच वाटलं नाही. बेरीज केली आणि पुढचा पेपर घेतला.

तिच्या मागच्या बाकावर काडी बसायची, म्हणून पुढचा पेपर काडीचा. त्यात शेवटची सहा पानं कोरी, आणि तरी मागे पुरवणी बांधलेली. आता मला सांग, मूळ उत्तरपत्रिकेत सहा पानं कोरी असताना कुठली मुलगी हात वर करून जास्तीचा कागद मागते? नवख्या परीक्षकाच्याही लक्षात यावं. माझी तपासल्याची लाल खूण त्या पुरवणीच्या प्रत्येक पानावर आहे.

पुरवणीत पाचवा आणि सहावा प्रश्न. दोन्ही सिद्धता एकदम स्वच्छ. आणि प्रत्येक सिद्धता संपली की खाली छोटा चौकोन, चौकोनात टिंब.

तो चौकोन माझा आहे, ताई. मी कॉलेजात असताना काढायचे. गोटी सात वर्षांची होती, तुझ्या स्वयंपाकघराच्या फरशीवर खडूने मी तिला त्रिकोण शिकवत होते, तेव्हा तिला दिला. शाळेत मी तो कधीच शिकवला नाही. जगात तो काढणाऱ्या दोघीच आहेत.

पुरवणीच्या डोक्यावर नंबर काडीचा आहे. अक्षर गोटीचं.

गुण अठरा. काडीचे ते अठरा धरून सदतीस, म्हणून ती यादीतून वाचली. मला काही सुचत नाही. चोरली म्हणावं तर नंबर गोटीने स्वतः का घातला? चुकून म्हणावं तर मैत्रिणीचा नंबर कोण चुकून घालतं, तोही दोन ठिकाणी? मी बेरीज पाच वेळा केली. ती बरोबर आहे. बाकी सगळं चूक आहे.

धाकटी


२३ जानेवारी

कालचं पत्र टाकल्यावर एक गोष्ट लक्षात आली ती लिहिते.

ते अठरा नसते तर काडीला एकोणीस मिळाले असते. एकोणीस म्हणजे पिवळी यादी, तेही अगदी वर. पण ती शाळेतून बसली आणि दीड महिन्यात तिने दहावीला गणितात एकसष्ट काढले. मी आत्ता वहीत पाहिलं. एकसष्ट. आणि आज ती गणित शिकवते.

मग माझी यादी काय सांगत होती? एका उदाहरणाने काही सिद्ध होत नाही, हे मी मुलींना दर वर्षी फळ्यावर लिहून देते. पण नियम खोटा ठरवायला एक उदाहरण पुरतं, हेही मीच लिहून देते. ग्रेसच्या चौघी सोडल्या तर यादीतून निसटलेली मला माहीत असलेली ही एकुलती एक मुलगी, आणि तिनेच माझी यादी खोटी पाडली. मग त्या तेवीस? त्याआधीच्या वर्षांतल्या? मला आकडा काढायचा नाही.

फादरांकडे कन्फेशनला जाऊन आले. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, खोटं बोललात त्याची क्षमा मी इथे सांगू शकतो, पण उत्तरपत्रिका ज्या मुलीची आहे तिच्याकडे तुम्हालाच जावं लागेल. प्रायश्चित्त म्हणून फक्त एक प्रार्थना दिली. मला ते फारच कमी वाटलं. आणखी मागितलं तर म्हणाले, "बाई, इथे गुण वाढवून मिळत नाहीत."

धा.


२७ जानेवारी

ताई,

आज मधल्या सुट्टीत काडीला परीक्षा विभागात बोलावलं. टेबलावर दोन्ही उत्तरपत्रिका ठेवल्या होत्या. तिने त्या पाहिल्या आणि खुर्चीत बसलीच. मी बस म्हणायच्या आधी.

मी म्हटलं, "काडी, मी ओरडणार नाही. मला फक्त काही कळत नाहीये. सांग."

ती म्हणाली, "टीचर, सहा वर्षं मी वाट बघतेय की तुम्ही कधी विचारताय."

मग ती जे बोलली ते जसं आठवतं तसं लिहिते. त्या दिवशी पेपर सुरू असताना काडी मागे बसून रडत होती. तिला तिसऱ्या प्रश्नापुढे काही येत नव्हतं. तिच्या वडिलांनी सांगून ठेवलं होतं, यादीत नाव आलं तर शिक्षण बंद. बाहेरून वगैरे काही नाही, घरी बसायचं. गोटीला ते ठाऊक होतं. गोटीची उत्तरपत्रिका चार प्रश्नांत भरली. तिने पुरवणी मागून घेतली, त्यावर काडीचा नंबर घातला, भूमिती सोडवली. शेवटच्या पाच मिनिटांत पुरवण्या बांधायचे दोरे पहिल्या बाकावरून मागे देत जातात, तेव्हा दोऱ्याबरोबर तो कागद मागे सरकवला. काडीने बांधला. गाठ तू शिवणाच्या तासाला शिकवलेलीच.

वर्गावर मी होते, ताई. दोऱ्यांची जुडी पहिल्या बाकावर मीच ठेवली होती.

मी विचारलं, "आणि तिचं स्वतःचं काय होईल, हे तिला कळलं नाही?"

काडी म्हणाली, "मी तेच म्हटलं तिला, बाहेर आल्यावर. म्हटलं, गोटे, तू आता यादीत जाशील. तर हसायला लागली. म्हणाली, वेडी का तू, यादी मावशी करते. मावशी मला काढेल होय?"

माझ्या हातात लाल पेन होतं. ते मी का धरलं होतं कोण जाणे.

पुढचं ऐक. यादी लागली तेव्हा काडी माझ्याकडे यायला निघाली होती, सगळं सांगायला. गोटीने जिन्यात तिचा हात धरून थांबवलं. म्हणाली, थांब, आई फेरतपासणी मागणार आहे. मावशी पुरवणी बघेल, माझा चौकोन लगेच ओळखेल. मग ती काहीतरी करेल, आपल्या दोघींचं. आणि मग मी तुला सांगितलं, गठ्ठा गेला.

गोटीचा त्यावर विश्वास बसला नाही. काडी म्हणते, ती हेच म्हणत राहिली की मावशी कागदाचा कपटासुद्धा टाकत नाही, गठ्ठा काय टाकेल! मावशीने बघितलाय. चौकोन बघितला आणि तरी काही बोलली नाही. शिक्षा केली मला.

सहा वर्षं ती पोर हे धरून बसली आहे. तुला एका शब्दाने बोलली नाही ना? बोलली असती तर काडीचं वर्ष गेलं असतं, म्हणून गप्प. नंतर सवय झाली असेल.

आता मला हे समजत नाही, ताई, की तिला काय सांगू. मी बघून गप्प बसले असं तिला वाटतं. खरं म्हणजे मी बघितलंच नाही. यातलं कमी वाईट कोणतं? भाचीचा कागद म्हणून मी तो दुसऱ्यांदा उघडला नाही. परक्या मुलीचा असता तर पस्तिसाच्या काठावर आहे म्हणून दोनदा तपासला असता. चार जणींचे तपासले होते.

आणि नियमाने पाहिलं तर दोघींनी कॉपी केली. दोघी नापास. मी नियमाचं पुस्तक काढून पाहिलं, तसं स्पष्ट लिहिलंय. मग पुस्तक ठेवून दिलं.

काडी रडत होती. मी तिला माझा डबा खायला लावला. तिची पुढची तासिका होती आणि आठवीच्या मुली दारात येऊन डोकावत होत्या.

धाकटी


३१ जानेवारी

गोटे,

हे पत्र तुला आहे. ताईच्या पत्त्यावर पाठवतेय. ती तुला देईल की नाही माहीत नाही, पण तिने माझी आधीची सगळी पत्रं ठेवली असतील तर तीही वाच. त्यात मी जागोजागी खोटं बोलले आहे. कुठे, ते पुढच्या पत्रांत कळतं.

मी तुझा चौकोन बघितला नव्हता. कपाटात होता, मी बघितला नाही. मला भीती वाटत होती. तू गणित अर्धवट सोडून आलीस असं मागाहून वाटून मी तुझ्यावर रागावले होते, आणि तू माझ्यावर विसंबून बसली होतीस. मला याचं फार वाईट वाटतं, गोटे. याहून चांगलं वाक्य मला येत नाही.

सिस्टरांना मी सगळं सांगितलं. गठ्ठा दाखवला, दोन्ही उत्तरपत्रिका दाखवल्या, पत्ता माझ्या पर्समध्ये होता हेही सांगितलं. मला वाटलं परीक्षा विभाग काढून घेतील. त्यांनी बराच वेळ पुरवणी वाचली आणि म्हणाल्या, "सिद्धता सुंदर आहे." मग म्हणाल्या, विभाग तुमच्याकडेच राहू दे, आता तुम्ही कागद दोनदा उघडाल. काडी राहते आहे. तिने स्वतः होऊन वडिलांना सांगितलं म्हणे. ते काय म्हणाले ते तिने मला सांगितलं नाही.

पिवळ्या यादीवर मी सही केली नाही. एकोणीसच्या एकोणीस मुली शाळेतून बसतील. रोज शाळा सुटल्यावर मी आणि काडी त्यांना घेऊन बसतो. काडीला त्यांच्याशी कसं बोलायचं ते येतं, मला फक्त गणित येतं. त्यातल्या किती पास होतील, खरंच सांगता येत नाही. चार-पाच जणी तर समोर बसून जांभया देतात. एकीने विचारलं, "टीचर, आम्ही नापास झालो तर फलकाचं काय?" मी म्हटलं, रंगारी येईल आणि जो आकडा असेल तो लिहील. हे बोलले खरी, पण नंतर हॉलमधून जाताना माझी नजर वर गेलीच. सवय आहे.

सोबत दोन कागद आहेत. एक तक्ता. बावीस ओळी भरल्या आहेत. तेविसावीत तुझं नाव आहे. "शाळेतून का गेली" या रकान्यात मी लिहिलंय, परीक्षा विभागाच्या चुकीमुळे, आणि खाली सही केली आहे. पुढचे दोन रकाने मोकळे आहेत. तू चष्म्याच्या दुकानात भिंगं मोजतेस, असं काडीला कुणाकडून तरी कळलं होतं, पण ते मी भरणार नाही. तुला वाटलं तर तू भर. ताई म्हणाली होती, नाव तक्त्यात घालू नकोस. तुझंही तेच म्हणणं असेल तर ओळ खोडून परत पाठव. बेरीज जुळली नाही तरी चालेल.

दुसरी तुझी उत्तरपत्रिका. आज शाळेत बसून मी ती पहिल्या पानापासून पुन्हा तपासली, आणि पुरवणीही. सहाव्या प्रश्नात तुझा एक गुण मी उगीच कापला होता. आकृतीला नावं दिलेली होती, मला दिसली नव्हती. तेव्हा पुरवणीचे एकोणीस. एकोणतीस अधिक एकोणीस, अठ्ठेचाळीस. पहिल्या पानावर जुना आकडा खोडून नवा लिहिलाय, खाली तारीख आजची.

काडीच्या पेपराचा दोरा सोडवून पुरवणी तुझ्या उत्तरपत्रिकेला बांधली आहे. ताईने शिकवलेली गाठ मला कधी जमायची नाही, तू हसायचीस. काडीकडून तीन वेळा शिकून घेतली. ओढून पाहिली, सुटत नाही.

मावशी